टायफॉइडचा ताप गेला, जंतू पित्ताशयात राहिले: वाहकाच्या उपचाराबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आईंचं वय ५६, पुण्यात घरून जेवणाचे डबे देतात. सव्वा वर्षापूर्वी त्यांना टायफॉइड झाला, औषधं घेऊन बऱ्या झाल्या. यंदा डबा घेणाऱ्या दोन मुलांना टायफॉइड निघाला म्हणून आईंचीही तपासणी केली, तर संडासाच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) साल्मोनेला टायफी, म्हणजे टायफॉइडचाच जंतू आला. सेफिक्झिम या अँटिबायोटिकचा १४ दिवसांचा कोर्स झाला, महिन्याने पुन्हा कल्चर केलं, पुन्हा तेच जंतू. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले, पण पोट कधी दुखलेलं नाही. विडाल ही रक्ततपासणी १:१६०. एक डॉक्टर म्हणतात सेफिक्झिम आणखी तीन आठवडे घ्या, दुसरे म्हणतात ताप नाही तर औषध कशाला, तिसरे ऑपरेशन सांगतात. डबे बंद आहेत आणि आई खचल्या आहेत. शेवटी तुम्ही बहिणीच्या दोन वर्षांच्या मुलीबद्दलही विचारलंय. तिच्या संडासात साल्मोनेला सापडला, पण तो टायफॉइडचा नव्हे.

आधी माझं मत सांगते, मग कारणं. सेफिक्झिम पुन्हा देऊ नका. काहीच न करणंही बरोबर नाही. सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट (या जंतूंवर कोणतं औषध चालतं ते सांगणारा) पाहून निवडलेलं एकच औषध, पुरेशा मोठ्या डोसमध्ये, चार ते सहा आठवडे, आणि त्याच काळात दुर्बिणीतून पित्ताशय काढणं, हा तुमच्या आईंसाठी सर्वांत भरवशाचा रस्ता आहे. भाचीला मात्र बहुधा कोणतंही अँटिबायोटिक लागणार नाही. दोन्ही ठिकाणी नाव साल्मोनेलाचंच, पण उपचार अगदी उलट.

टायफॉइडमधून उठलेल्या माणसाच्या संडासात काही आठवडे जंतू सापडणं नवं नाही. औषध न घेतलेल्यांपैकी दहा टक्क्यांच्या आसपास लोक तीन महिन्यांपर्यंत जंतू टाकत राहतात. बहुतेकांत ते आपोआप थांबतं. आजारानंतर बारा महिने उलटूनही जंतू येत राहिले, तर आम्ही त्या व्यक्तीला दीर्घकालीन वाहक म्हणतो. असे लोक एक ते पाच टक्के असतात. बायकांत, वय वाढलेल्यांत आणि पित्ताशयात खडे असलेल्यांत हे प्रमाण जास्त. आईंमध्ये तिन्ही गोष्टी जुळून आल्या आहेत. यात त्यांच्या स्वच्छतेचा किंवा निष्काळजीपणाचा काहीच संबंध नाही, हे त्यांना घरातल्या माणसांनी स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. वाहकांपैकी सुमारे पाव लोकांना तर आपल्याला कधी टायफॉइड झाला होता हेही आठवत नाही.

हे जंतू राहतात कुठे, हे कळलं की पुढचं सगळं कळतं. टायफॉइडचे जंतू रक्तातून यकृतात जातात, तिथून पित्तात उतरतात आणि पित्ताशयात पोहोचतात. पित्त बहुतेक जंतूंना मारतं, साल्मोनेलाला ते मानवतं. तिथे खडा असेल तर जंतू त्याच्या पृष्ठभागाला चिकटून चिकट थर तयार करतात, दातांवर किटण बसतं तसा. या थराच्या आत औषध नीट पोहोचत नाही, आणि पोहोचलं तरी आतले जंतू इतक्या संथ गतीने वाढत असतात की वाढत्या जंतूंवर घाव घालणारी औषधं तिथे निष्प्रभ ठरतात. मेक्सिको शहरात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेतून मिळालेल्या खड्यांवर हा थर सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दिसला. ते काम २०१० साली प्रसिद्ध झालं. काठमांडूच्या पाटण रुग्णालयात पित्ताशय काढलेल्या तेराशेहून जास्त रुग्णांच्या पित्ताचं कल्चर केलं गेलं, तेव्हा सुमारे तीन टक्क्यांच्या पित्तात टायफॉइड किंवा पॅराटायफॉइड 'ए'चे जंतू निघाले. ही माणसं तापाने आलेली नव्हती, खड्यांसाठी आलेली होती. भारतीय उपखंडात असे न ओळखलेले वाहक आपल्यात वावरत असतात, हे त्यावरून लक्षात यावं.

ताप उतरवणारं औषध वाहकाला का लागू पडत नाही, याचं सर्वांत जुनं उदाहरण क्लोरॅम्फेनिकॉलचं. १९४८ साली मलायात अमेरिकन डॉक्टर स्क्रब टायफस या वेगळ्या तापावर त्याचे प्रयोग करत होते, तेव्हा ते टायफॉइडवरही चालतं हे लक्षात आलं आणि टायफॉइडच्या मृत्यूंचं चित्रच पालटलं. पण वाहकांवर त्याचा काही उपयोग झाला नाही. यकृत या औषधाचं रूप बदलून ते निष्क्रिय करतं आणि पित्तात मुख्यतः तो निष्क्रिय भागच उतरतो. रक्तातला जंतू मेला, पित्तातला राहिला. तापाच्या वेळी सेफिक्झिम घेणं ठीक आहे. पण दीर्घकालीन वाहकाचं पित्ताशय त्याने साफ होतं याला भक्कम आधार नाही. १४ दिवसांनी गेलं नाही म्हणून २१ दिवस, मग आणखी काही, असं करत राहिलं तर आईंच्या आतड्यातले बाकीचे जंतू मात्र औषधांना सरावतील.

आता औषध निवडताना काय पाहायचं ते सांगते. पुस्तकांत पहिलं नाव येतं सिप्रोफ्लॉक्सासिनचं, ७५० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा, २८ दिवस. १९८८ साली चिलीत सिप्रोफ्लॉक्सासिन आणि पेरूत नॉरफ्लॉक्सासिन देऊन वाहकांवर अभ्यास झाले. शंभरातल्या सुमारे ऐंशी वाहकांचे जंतू गेले, खडे असलेल्यांचेही बरेच गेले. हे औषध पित्तात रक्तापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात साठतं आणि पेशींच्या आतही शिरतं, म्हणून हे यश मिळालं. अडचण अशी की ते जंतू १९८० च्या दशकातल्या दक्षिण अमेरिकेतले होते. आज भारतात सापडणारे टायफॉइडचे बहुसंख्य जंतू सिप्रोफ्लॉक्सासिनला पूर्ण दाद देत नाहीत. त्यामुळे रिपोर्टमध्ये सिप्रोफ्लॉक्सासिनच्या रकान्यात स्पष्ट 'एस' (औषध चालतं) असेल तरच ते द्यावं. त्याच गटातल्या नालिडिक्सिक अॅसिड किंवा पेफ्लॉक्सासिनसमोर 'आर' (औषध चालत नाही) असेल तर सिप्रोचा 'एस' खरा मानू नका. लॅब जुने मापदंड वापरतेय का, हे विचारा. 'आय' (अर्धवट चालतं) आला तर काही जण मोठा डोस देऊन पाहतात. मी देणार नाही. महिनाभर अर्धवट चालणारं औषध देणं म्हणजे उरलेल्या जंतूंना आणखी चिवट करणं.

आपल्याकडे एक चांगली गोष्टही घडली आहे. १९९० च्या आसपास भारतात अँपिसिलिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि को-ट्रायमॉक्साझोल ही तिन्ही औषधं टायफॉइडवर निकामी ठरली होती. त्यांचा वापर घटला आणि हळूहळू ती बहुतेक जंतूंवर पुन्हा चालू लागली. म्हणून आईंच्या रिपोर्टमध्ये अँपिसिलिन आणि को-ट्रायमॉक्साझोलसमोर 'एस' असण्याची चांगली शक्यता आहे. तो रिपोर्ट तुम्ही पाठवलेला नाही. दुसऱ्या कल्चरची सेन्सिटिव्हिटी लॅबकडून मागून घ्या. ती केली नसेल तर औषध सुरू करण्याआधी नवं कल्चर करून घ्या.

अँपिसिलिन चालत असेल तर अमोक्सिसिलिन देता येतं, पण डोस नीट समजून घ्या. वाहकासाठी तो दर किलो वजनाला दिवसाला १०० मिलीग्रॅमपर्यंत असतो, सहा आठवडे. साठ किलोच्या बाईला दिवसाला सहा ग्रॅम. ५०० मिलीग्रॅमच्या बारा कॅप्सूल होतात त्या. चिठ्ठी पाहून केमिस्टला चूक वाटते, पेशंट घाबरून निम्म्याच घेतो आणि कोर्स वाया जातो. म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठीवरच 'टायफॉइड वाहक, डोस हाच' असं लिहावं. जुन्या पद्धतीत याच्या जोडीला प्रोबेनेसिड देतात, त्याने अमोक्सिसिलिन रक्तात जास्त टिकतं. मूत्रपिंडं कमजोर असतील तर हा डोस बदलतो, तेव्हा क्रिएटिनिन आधी तपासायचंच. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर हा मार्ग बंद.

को-ट्रायमॉक्साझोलची डबल स्ट्रेंथ गोळी दिवसातून दोनदा, सहा आठवडे, हा दुसरा पर्याय. स्वस्त आहे, सगळीकडे मिळतं. पण सल्फाची अॅलर्जी असेल तर नको. आई रक्तदाबासाठी एनालाप्रिल, रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन यांतलं काही किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेत असतील तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीवर चढू शकतं. पहिल्या आठवड्यातच पोटॅशियम तपासावं, पुढे रक्तपेशींवरही लक्ष ठेवावं. अंगावर पुरळ उठलं, तोंडात फोड आले तर गोळी तिथेच थांबवून डॉक्टरांकडे जायचं. पन्नाशी-साठीतल्या बहुतेक बायकांना रक्तदाबाची गोळी असतेच, म्हणून हे विचारल्याशिवाय कोणीही को-ट्रायमॉक्साझोल सुरू करू नये.

या दोन औषधांपैकी कोणत्याही एकाने, ऑपरेशनशिवाय, शंभरातले साधारण साठ वाहक मोकळे होतात. खडे असतील तर त्याहून कमी. हे आकडे आधीच माहीत असले तर कोर्स फसल्यावर माणूस खचत नाही.

सिप्रोफ्लॉक्सासिन खरंच चालणार असेल तर एक गोष्ट घरातल्यांनी सांभाळायची. आई कॅल्शियम किंवा लोहाची गोळी, आम्लपित्ताचं पांढरं औषध किंवा नुसतं दूध याबरोबर सिप्रो घेतील तर ते आतड्यातच अडकून पडतं. सिप्रो आधी घ्यावं आणि कॅल्शियम-लोह निदान दोन तासांनी, किंवा त्या महिन्यापुरतं बंद ठेवावं. मधुमेहाच्या औषधांबरोबर साखर अचानक उतरू शकते. टाचेमागचा स्नायुबंध दुखू लागला तर गोळी थांबवायची. महाधमनीला फुगवटा असेल तर हे औषध टाळायचं. टिझानिडिनबरोबर सिप्रो कधीच नको. पाठदुखीच्या अनेक गोळ्यांत टिझानिडिन असतं आणि पेशंटला ते माहीत नसतं.

सिप्रो 'आर' आणि बाकीची दोन्हीही 'आर' आली तर? अॅझिथ्रोमायसिन पेशींत चांगलं साठतं, पण दीर्घकालीन वाहकांवरचा त्याचा अनुभव अगदी थोड्या रुग्णांपुरता आहे. सेफ्ट्रिअॅक्सोन पित्तात भरपूर उतरतं, पण तेच पित्तात गाळ तयार करतं, आणि खडे असलेल्या पित्ताशयात ते दीर्घकाळ देणं मला पटत नाही. पाकिस्तानात सिंधमधल्या हैदराबादेत २०१६ च्या अखेरीस सुरू झालेल्या साथीतला जंतू तर सेफ्ट्रिअॅक्सोनलाही दाद देत नाही. अशा जंतूचा वाहक सापडला तर संसर्गजन्य रोगांच्या तज्ज्ञाशिवाय पुढे जाऊ नये.

आता ऑपरेशन. पोट दुखत नसेल तर पित्ताशयातल्या खड्यांना हात लावायचा नाही, हा सर्वसाधारण नियम योग्य आहे. दुसऱ्या डॉक्टरांनी 'काही करू नका' म्हटलं ते बहुधा यामुळेच. पण वाहकाला हा नियम लागू होत नाही, त्याची दोन कारणं. पहिलं उघड आहे. खडा आत आहे तोवर जंतूंचं घर आत आहे, आणि आईंच्या हातचं अन्न रोज कितीतरी माणसांच्या ताटात जातं. दुसरं कारण पेशंटला क्वचितच सांगितलं जातं. दीर्घकालीन वाहकांत पित्ताशयाच्या कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं आढळतं. स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला १९६४ साली डबाबंद गोमांसातून पाचशेच्या वर लोकांना टायफॉइड झाला. पुढे वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं, तेव्हा नुसता ताप येऊन बऱ्या झालेल्यांत हा कॅन्सर वाढलेला दिसला नाही. त्याच अभ्यासातल्या दीर्घकालीन वाहकांत तो स्पष्ट वाढलेला होता. उत्तर भारत, विशेषतः गंगेचं खोरं, पित्ताशयाचा कॅन्सर जगात जिथे सर्वाधिक आढळतो त्या भागांत मोडतो, आणि तिथल्या अभ्यासांतही वाहकावस्थेशी त्याचं नातं दिसलंय. प्रत्येक वाहकाला कॅन्सर होतो असा याचा अर्थ मुळीच नाही. बहुतेकांना होत नाही. पण खडे आणि जंतू दोन्ही असतील तर पित्ताशय ठेवण्याच्या बाजूने सांगण्यासारखं फारसं काही उरत नाही.

नुसतं ऑपरेशनही पुरेसं नाही. काही जंतू यकृतातल्या बारीक पित्तनलिकांत लपलेले असतात, म्हणून पित्ताशय काढूनही थोड्या लोकांत ते येत राहतात. यासाठी औषध ऑपरेशनच्या आधी सुरू करायचं, मधे खंड न पाडता नंतर पूर्ण करायचं. दोन्ही मिळून यश फार चांगलं येतं.

सर्जनला काही गोष्टी आधीच सांगा. आई टायफॉइड वाहक आहेत, म्हणजे ऑपरेशनमध्ये पित्त पोटात सांडू न देण्याची जास्त काळजी घेता येते आणि ऑपरेशन थिएटरमधले लोकही सावध राहतात. पित्त आणि एक खडा कल्चरला पाठवायचा, पण फॉर्मेलिनमध्ये घालून नव्हे. फॉर्मेलिनमध्ये गेला की जंतू मेले आणि कल्चर निरर्थक झालं. कोरडी निर्जंतुक बाटली आधीच मागून ठेवावी. नर्स सवयीने सगळंच फॉर्मेलिनमध्ये टाकतात, तेव्हा हे ऑपरेशनच्या कागदावर लिहिलेलं असावं. पित्ताशय मात्र फॉर्मेलिनमध्ये घालून बायॉप्सीला जायलाच हवं, कारण वर सांगितलेला कॅन्सर. सोनोग्राफीत मुख्य पित्तनलिकेत खडा असल्याची शंका असेल तर आधी एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) करून तो दुर्बिणीने काढावा लागतो. नलिकेतला खडा तसाच राहिला तर पित्ताशय काढून जंतूंचं घर निम्मंच मोडतं.

लघवीचं कल्चरही एकदा करा. मूत्रपिंडात खडा असेल किंवा लघवीच्या मार्गात अडथळा असेल तर काही थोडे वाहक लघवीतून जंतू टाकतात. त्यांचं पित्ताशय काढून काही मिळत नाही. इजिप्तसारख्या ठिकाणी लघवीच्या मार्गात राहणाऱ्या शिस्टोसोमा नावाच्या कृमीमुळे असे वाहक बरेच असत.

औषध संपल्यावर घाई करू नका. लगेच केलेलं कल्चर फसवं असतं. जंतू दबलेले असतात, गेलेले नसतात. मी पहिलं कल्चर औषध संपल्यावर महिन्याने करायला सांगते, मग दर महिन्याला एक, अशी ओळीने तीन निगेटिव्ह यायला हवीत. त्यानंतरही वर्ष पूर्ण होईपर्यंत अधूनमधून. वाहक रोज जंतू टाकत नाही, काही दिवस टाकतो, काही दिवस नाही, म्हणून एका निगेटिव्ह रिपोर्टवर समाधान मानू नका. नमुना ताजा द्या, झाकणाच्या डबीत, दोन तासांत लॅबमध्ये पोहोचेल असा. लॅबला 'टायफॉइड वाहक तपासणी' असं लिहून द्या, म्हणजे थोडेसेच जंतू वाढवून शोधणारा सेलेनाइट ब्रॉथ ते लावतील. 'स्टूल रूटीन'मध्ये हे जंतू दिसत नाहीत. ती तपासणी सूक्ष्मदर्शकाखालची असते, कल्चर नव्हे.

विडालचं काय? या कामासाठी विडालकडे पाहू नका. ही तपासणी १८९६ पासूनची आहे आणि टायफॉइड जिथे घरोघरी आहे तिथे धडधाकट माणसांतही १:८० किंवा १:१६० येतं. आईंची विडाल १:१६० असणं काहीच सिद्ध करत नाही, आणि कोर्सनंतर ती उतरली नाही म्हणून पुन्हा औषध देणं तर अजिबात चूक. विडाल पाहून वर्षातून तीन-तीन वेळा 'टायफॉइडचा कोर्स' झालेली माणसं माझ्याकडे सतत येतात आणि त्यांच्यातल्या बहुतेकांच्या शरीरात टायफॉइडचा एकही जंतू सापडत नाही. व्हीआय अँटिबॉडी नावाची वेगळी तपासणी वाहक शोधायला पूर्वीपासून वापरली जाते. पण ती सगळीकडे होत नाही आणि टायफॉइडची लस घेतलेल्यांत तिचा अर्थ लावता येत नाही. आईंचं कल्चर दोनदा पॉझिटिव्ह आलंय, त्यांना तिची गरजच नाही.

एक गोष्ट मला आईंच्या बाजूने सांगायची आहे. डब्याच्या दोन मुलांना टायफॉइड आईंमुळेच झाला, हे अजून कोणी दाखवलेलं नाही. त्या मुलांचं निदान रक्ताच्या कल्चरवर झालं की विडालवर? दोघं एकाच ठिकाणी राहतात का, तिथलं पाणी कुठून येतं? आपल्या शहरांत टायफॉइड बहुतेक वेळा पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या लाइन एकमेकींत मिसळल्यामुळे पसरतो. मुलांच्या रक्तातला जंतू आणि आईंचा जंतू यांच्या सेन्सिटिव्हिटीच ठळकपणे वेगळ्या असतील, तर आईंचा त्यांच्या आजाराशी संबंध असणं कठीण आहे. हे तपासल्याशिवाय त्यांनी स्वतःला दोष देत बसू नये. घरातल्या सगळ्यांचं संडासाचं कल्चर मात्र एकदा करून घ्या, दुसरा वाहकही घरातच असू शकतो.

तरीही तीन निगेटिव्ह येईपर्यंत आईंनी बाहेरच्यांसाठी स्वयंपाक करायचा नाही, यात तडजोड नाही. उकळत्या आमटीत जंतू टिकत नाही हे खरं, पण डब्यात कोशिंबीर, चटणी, दही, चिरलेली काकडी असते, आणि पोळी तव्यावरून उतरल्यावरही हाताळली जाते. व्यवसाय मात्र बंद करायची गरज नाही. हिशेब, ऑर्डरी, बाजारहाट, माणसं सांभाळणं हे सगळं आई करू शकतात, स्वयंपाक दुसऱ्या बाईंकडे द्यावा. घरात त्यांना वेगळं ताट, वेगळी खोली यांतलं काही लागत नाही. संडासानंतर साबणाने दोन्ही हात नीट धुणं, नखं कापलेली ठेवणं आणि हात पुसायला स्वतःचा टॉवेल, एवढं पुरतं.

रोजगाराचा प्रश्न बाजूला ठेवून वाहकावर उपचार होत नाहीत, हे न्यू यॉर्कमधल्या मेरी मॅलनच्या बाबतीत दिसलं. आयर्लंडमधून आलेली ही स्वयंपाकीण. १९०६ साली ऑयस्टर बे इथल्या ज्या घरात ती कामाला होती तिथे टायफॉइड झाला आणि जॉर्ज सोपर या आरोग्य अभियंत्याने तिचा माग काढला. १९०७ ला तिला नॉर्थ ब्रदर बेटावर डांबलं, १९१० ला स्वयंपाक न करण्याच्या अटीवर सोडलं. धुणं धुऊन पोट भरेना, ती नाव बदलून पुन्हा स्वयंपाकघरात गेली, आणि १९१५ साली एका प्रसूती रुग्णालयात २५ जणांना टायफॉइड झाला, दोघं दगावले. त्यानंतर १९३८ साली मरेपर्यंत ती त्या बेटावरच राहिली. त्याच शहरात नोंद असलेले इतर अनेक वाहक मोकळे फिरत होते. तिला पित्ताशय काढायला सांगितलं होतं, तिने नकार दिला, आणि त्या काळची शस्त्रक्रिया पाहता मी तिला दोष देणार नाही. आजचं ऑपरेशन वेगळं आहे. बहुतेक बायका एक-दोन दिवसांत घरी जातात.

डबे पुन्हा सुरू कराल तेव्हा अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे स्वयंपाक करणाऱ्यांची वार्षिक वैद्यकीय तपासणी आणि आतड्याच्या तापांविरुद्धची लस लागते. घरातल्या बाकीच्यांना आणि स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंना टायफॉइडची कॉन्जुगेट लस जरूर द्या. नवी मुंबई महापालिकेने २०१८ साली ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना ही लस मोहीम काढून दिली होती, त्यामुळे बऱ्याच जणांना तिचं नाव माहीत असेल. ती घेतल्याने आईंच्या पित्ताशयातले जंतू मात्र जाणार नाहीत. आजार न झालेल्याला लस वाचवते, जंतू असलेल्याला साफ करत नाही.

पहिला कोर्स फसला तर लगेच दुसरा सुरू करू नका. नवं कल्चर, नवी सेन्सिटिव्हिटी, पित्तनलिका आणि मूत्रमार्ग पुन्हा तपासून मगच दुसऱ्या गटातलं औषध. तोही फसला तर काही काळ थांबणं चांगलं. अशी माणसं स्वयंपाक सोडून बाकी सगळं काम करत चांगलं आयुष्य जगतात.

आता भाची. टायफॉइडचा जंतू फक्त माणसात राहतो. तिच्या संडासात सापडलेले साल्मोनेला कोंबडी, अंडी, गुरं, पाळलेली कासवं यांतून येतात आणि जुलाब करून जातात. पाच वर्षांखालच्या मुलांत ते बरेच दिवस रेंगाळतात. तीन महिन्यांनीही जवळजवळ निम्म्या मुलांच्या संडासात ते सापडतात, मोठ्यांत मात्र थोड्यांच्याच. वर्षाच्या पुढे ते क्वचितच टिकतात. इथे अँटिबायोटिकने जंतू लवकर जात नाहीत. १९६९ पासूनच्या अभ्यासांत उलट असं दिसलंय की औषध घेतलेल्यांच्या संडासात ते जास्त दिवस राहतात. आतड्यातले चांगले जंतू औषधाने मरतात आणि साल्मोनेलाला मोकळी जागा मिळते. म्हणून मुलगी खेळत-खात असेल, ताप नसेल, वजन वाढत असेल तर औषध नको, आणि दर पंधरा दिवसांनी कल्चरही नको. तीन महिन्यांखालचं बाळ, केमोथेरपी किंवा स्टिरॉइड चालू असलेलं मूल, सिकल सेलचं मूल, एचआयव्ही असलेली व्यक्ती, महाधमनीला फुगवटा किंवा कृत्रिम झडप असलेले आजोबा, यांच्यात हा जंतू रक्तात उतरून हाडात किंवा धमनीच्या भिंतीत बसू शकतो, तिथे निर्णय वेगळा होतो. विदर्भातल्या किंवा नंदुरबारकडच्या ज्या कुटुंबांत सिकल सेल आहे, त्यांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

बहिणीला सांगा, जुलाब थांबून दोन दिवस झाले की मुलीला पाळणाघरात पाठवायला हरकत नाही. लंगोट बदलणाऱ्याने दर वेळी साबणाने हात धुवावेत. ताप आला, संडासातून रक्त पडलं, पाय टेकवायला रडू लागली किंवा मरगळली, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्यावं आणि पहिलं औषध सुरू होण्याआधी रक्ताचं कल्चर घ्यायला सांगावं.